टीसी काका आणि वासाची पानं

कुंपणाच्या भिंतीवरून आधी एक हात यायचा. अंगठा आणि तर्जनीमध्ये एखादं पान चुरगाळलेलं. तो हात तुमच्या नाकाखाली येऊन थांबायचा आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा, "सांगा."

नमस्कार नाही, जेवण झालं का नाही. नुसतं "सांगा." तुम्हाला गाडी गाठायची असो, हातात दुधाची पिशवी असो, नाहीतर दारात पाहुणे उभे असोत, पान कोणतं ते सांगितल्याशिवाय सुटका नसे. बरोबर सांगितलं तर "नक्की ना?" एवढं विचारून हात मागे जायचा. चुकलात तर सगळ्या लेआउटला ऐकू जाईल अशा आवाजात प्रमाणपत्र मिळायचं. "शाबास. एम. ए. झाले ना तुमी? दिसूनच राह्यलं."

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या घरावरून जाताना आपण उगाच मोबाइल कानाला लावतो. आमच्याकडे तो मान टीसी काकांचा होता.

बडनेऱ्याच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, निम्मी घरं रेल्वेतल्या माणसांची. कोणी गार्ड, कोणी लोहमार्गावरचे, कोणी तिकीट खिडकीवरचे. त्यामुळे बाकीच्यांना नावं आहेत आणि यांना हुद्दे. काकांशी माझी ओळख मात्र शेजारी राहायला येण्याच्या आधीची. मी अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. रोज बडनेरा ते अकोला अप-डाऊन. त्या गाडीत काळ्या कोटातले काका शिरले की डब्यातले लोक एकदम झोपी जायचे. काका एकेकाला उठवायचे. "उठा. सपन पाहाचं असन तं त्याचंबी तिकीट लागते."

एकदा एका माणसाने तक्रारीच्या सुरात सांगितलं, "साहेब, घाईत तिकीट राहून गेलं."

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घाईत चप्पल राह्यली नाई, चष्मा राह्यला नाई, डब्यातली भाजी-पोयी राह्यली नाई. तिकीटच मोठं नाजूक निंगालं."

माझा पास एकदा आदल्या दिवशी संपलेला निघाला. काका म्हणाले, "मॅडम, पुस्तकं परत कराची तारीख लोकाइले सांगता, स्वतःची पाहात नाई का?" शेजारच्या बायका हसल्या. दुसऱ्या दिवसापासून माझा पास कधी संपला नाही.

मग ते निवृत्त झाले, आम्ही त्यांच्या शेजारी घर घेतलं, आणि त्यांचा आवाज मला घरबसल्या मिळू लागला.

आता जो माणूस सगळ्यांच्या नाकाखाली पानं धरायचा, त्याला झाडाझुडपांचं केवढं वेड असेल, असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. काकांचं अंगण म्हणजे एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सिमेंट. त्यावर ते रोज सकाळी पाणी मारत आणि ते वाळताना पाहत बसत. झाडांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. झाड लावलं की पाला पडतो, पाला पडला की झाडू लागतो, आणि झाडू शेवटी नवऱ्याच्या हातात येतो. मधोमध काकूंचं तुळशीचं एकच वृंदावन होतं. त्याला काकू पाणी घालायला लागल्या की हे ओसरीवरून म्हणत, "तुयशीले पाय नाई म्हनून बरं हाये. नाईतं तीबी म्हनली असती, मले डॉक्टरकडं न्या."

काकू हसायच्या. त्या कमी बोलत. त्यांचं सगळं बोलणं स्वयंपाकात. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याचे पाहुणे हे ऐकून ताटात इडली शोधतात. तर या सांबाराची वडी करावी ती काकूंनी. बेसनाच्या पातळ पारीत सांबार, खोबरं, खसखस आणि तीळ भरून तळलेली, सोबत आंबट कढी. त्या दिवशी त्यांच्या घरून जो वास सुटायचा, त्याने लेआउटमधल्या बऱ्याच माणसांना काकांशी काहीतरी महत्त्वाचं बोलायचं असल्याची आठवण होई. काका दारातच विचारत, "काम हाये का वडी?" लोक लाजून "काम" म्हणत. काका म्हणत, "मंग उद्या या, आज वडी हाये." आणि तरी आतून काकूंची बशी यायचीच.

मग ती साथ आली. दोघंही घरातल्या घरात आजारी पडले. काका लवकर उठले. काकू उशिरा उठल्या, आणि उठल्या त्या नाक मागे ठेवून. कशाचाच वास येईना. तेव्हा निम्म्या लेआउटचा वास गेला होता आणि आठ-पंधरा दिवसांत ज्याचा त्याला परत मिळाला होता. काकूंचा आला नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, काकू चकल्या तळताना माझ्या लेकीला विचारत होत्या, "झाल्या का गं? रंग तं बरा हाये."

एका सकाळी मला माझ्या स्वयंपाकघरात दूध करपल्याचा वास आला. माझं दूध तर अजून पिशवीत होतं. मी धावत शेजारी गेले. काकू ओट्याजवळ खाली बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या डोक्यावर, शेगडीवर, पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. धूर छताला लागला होता. मी ओरडून गॅस बंद केला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

माझं ओरडणं ऐकून काका पुढच्या खोलीतून आले. पातेल्यात डोकावून म्हणाले, "बासुंदीचा बेत दिसते."

कोणी हसलं नाही. काकू उठल्या, पातेलं उचललं, मोरीत नेऊन घासायला बसल्या. घासता घासता मला म्हणाल्या, "मीठ समजते पोरी, तिखट समजते. बाकी सारी मातीच. मले माहं घरच ओयखू येत नाई."

त्यानंतर त्यांच्याकडे खानावळीचा डबा सुरू झाला. ज्या दारात लोक वडीसाठी खोटी कामं घेऊन येत, त्या दारात एक माणूस रोज स्टीलचा डबा टांगून जाऊ लागला. काकू तो डबा उघडून ताटं वाढायच्या आणि काका जेवता जेवता म्हणायचे, "हे वांगं हाये का दोडका? इचारून घेऊ उद्या."

अशातच एका रविवारी शेजारून धाडधाड आवाज येऊ लागला. काका बनियनवर, हातात घण, आणि भिंतीलगतचं सिमेंट फोडणं चालू. लेआउटमध्ये चर्चा सुरू झाली. कोणी म्हणे संडासाची टाकी तुंबली, कोणी म्हणे वास्तूचा दोष निघाला. आमच्या लेआउटचे एक अध्यक्ष आहेत. त्यांना कोणी निवडून दिलं ते कुणालाच आठवत नाही, पण ते आहेत. ते स्वतः चौकशीला आले.

"काका, हे काय करून राहिले?"

"भुयार खंदून राह्यलो. सीधं नागपूरले निंगते."

"खरंच?"

"तुमच्यासाठी फर्स्ट क्लास ठेवतो."

फोडलेल्या जागेत काळी माती आली. काका स्कूटरवरून अमरावतीच्या रोपवाटिकेत फेऱ्या मारू लागले. पुढे पायाशी रोपं, मागे खताचं पोतं, मधे काळा चष्मा लावलेले काका. गवती चहा आला, पुदिना आला, ओव्याच्या जाड पानांचं झुडूप आलं. मग सब्जा, मरवा, कापूर-तुळस, आणि एका लांब वाफ्यात सांबार. सगळी वासाची पानं. फुलझाड एकही नाही. का, हे कोणी विचारलं की काका म्हणत, "रिटायर मानसानं काई तं कराव. तुमी बोलता, मी पाला लावतो." भिंतीवरून पान घेऊन तो हात यायला लागला, तो याच दिवसांत.

मला खरं कारण कपडे वाळत घालताना समजलं. आमच्या गच्चीवरून त्यांचं मागचं अंगण दिसतं. सकाळच्या उन्हात काकू खुर्चीत बसल्या होत्या, डोळ्यांवर पदराचं टोक घट्ट धरून. काका एकेक पान खुडायचे, चुरगाळायचे, त्यांच्या नाकाशी न्यायचे आणि वाट पाहायचे. काकू लांब श्वास घ्यायच्या. मग मान हलवायच्या. काका ते पान टाकून दुसरं घ्यायचे. संध्याकाळी परत तेच. पुढे काकूंनीच सांगितलं, की नाकाच्या डॉक्टरांनी ओळखीचे वास रोज, लक्ष देऊन हुंगायला सांगितले होते. येईल म्हणाले नव्हते. येऊ शकतो म्हणाले होते.

एवढ्या "येऊ शकतो"वर माणसाने अंगण फोडलं होतं. अर्थात हे त्यांना तोंडावर म्हटलं असतं तर माझी धडगत नव्हती.

काकांचं ज्ञान कच्चं होतं, हेही सांगायला हवं. एका कुंडीत ते दवणा वाढवत होते. जत्रेत देवाला वाहतात तो, कातरलेल्या पानांचा. त्या रोपाची मिजास मोठी. त्याला वेगळं पाणी, वेगळी सावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबून दाखवायचे, "हात नोका लावू. दवना हाये." रोप कमरेएवढं झालं आणि त्याला पांढरी बारीक फुलं आली. मी भिंतीजवळ जाऊन नीट पाहिलं.

"काका, हे गाजरगवत आहे."

लेआउटमधल्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर जे माजलेलं असतं, ज्याने अंगाला खाज सुटते, ते गाजरगवत. काकांनी एकदा रोपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मले माहीत व्हतं. मी पाहून राह्यलो होतो, लेआउटात कोनाले समजते."

दुसऱ्या दिवशी कुंडी रिकामी होती आणि काका दंडाला खोबरेल तेल लावत बसले होते. दवण्याचा वास तर दुरूनही येतो, हा माणूस नुसत्या पानांच्या आकारावरून कसा फसला, असं मला तेव्हा वाटलं. पण काकांना जास्त विचारायचं नसतं.

मग एक दिवस त्यांनी गोड पानाचं रोप आणलं. एक पान चावलं की तोंडभर साखर. काकूंनी चावलं आणि चमकून म्हणाल्या, "गोड हाये." काका त्या दिवशी मला पाहूनही काही टोचून बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, गोड समजणं जिभेचं काम आहे, त्याचा नाकाशी संबंध नाही. घरी आल्यावर त्या रोपाकडे त्यांनी नातलगाकडे पाहावं तसं पाहिलं.

पण उपटलं नाही. पाहुण्यांवर वापरलं. पर्यावरण दिनाला अध्यक्ष चार माणसं घेऊन आले. वनौषधी जोपासल्याबद्दल काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं होतं. काका म्हणाले, "शाल नोका आनू. शेनखत आना." आणि चहा ठेवला. त्यात मूठभर गोड पानं. पहिल्या घोटाला सगळे खूश झाले. दुसऱ्या घोटाला कडवट गोडी घशात चढायला लागली. अध्यक्षांनी कप खाली ठेवत विचारलं, "काका, यात साखर नाही?"

"नाई. आजाराले चांगलं असते."

"कोणत्या आजाराला?"

"भासनाच्या."

सत्कार त्या वर्षी झाला नाही.

तिकडे खुर्चीतल्या काकू आता थोडं थोडं "येते" म्हणू लागल्या होत्या. "पुदिना, व्हय ना?" "हा मरवा." कधी बरोबर, कधी चूक, पण बरोबरच जास्त. काका मान हलवायचे. मला वाटलं, चला, जमलं. मी एका दुपारी काकूंजवळ तसं म्हटलं. त्या पुढच्या खोलीकडे एक नजर टाकून माझ्या जवळ सरकल्या.

"कायचा वास पोरी. पान खुडतानाचा आवाज येते ना. ओव्याचं पान कडकन मोडते. गवती चाहाले ते वढून काढतात, सर्र वाजते. पुदिन्याकडं गेले का पाय डाव्या अंगाले वाजतात." मग त्या सांबाराच्या जुडीचे देठ सारखे करत म्हणाल्या, "ह्या मानसानं एवढं अंगन फोडलं. त्याले रोज नाई नाई काय म्हनाव?"

मी हो म्हटलं आणि तोंड बंद ठेवलं. चारच दिवसांनी भिंतीवरून काकांचं डोकं वर आलं. हात नव्हता, पान नव्हतं, नुसतं डोकं.

"मॅडम, आमच्या बाई खोटं बोलून राह्यल्या."

"कशाबद्दल?"

"वासाबद्दल. काल मी पुदिन्याजवळ गेलो, पाय वाजवले, आन् खिशातून मरव्याचं पान काढलं. म्हनते, पुदिना." काका खाली वाकले, काहीतरी उपटलं, परत वर आले. "एवढी वर्सं गाडीत खोटं पकडलं. घरचं पकडलं नसतं का? पन पकडाव कायले. हौसेनं बोलते. बोलू द्या."

म्हणजे ती त्याच्यासाठी ओळखल्याचं सोंग करत होती आणि तो तिच्यासाठी फसल्याचं. रोज सकाळ-संध्याकाळ, वेळेवर. मधे मी, दोन्हीकडची गुपितं पोटात ठेवून गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हे किती दिवस चालणार होतं देव जाणे.

ते एका सकाळी संपलं. मी अकोल्याला निघाले होते. काका भिंतीवरून नव्हे, चक्क फाटकातून आत आले. हातात पुदिन्याची काडी होती आणि पायात चप्पल नव्हती. ते बोलायला लागले आणि थांबले. मग म्हणाले, "घासलेट म्हनते."

"कोण?"

"हे हुंगलं आन् तोंड वाकडं केलं. म्हनते, अवो, हे घासलेटासारखं काहून मारून राह्यलं? दूर करा."

मी गोंधळले. पुदिन्याला घासलेटाचा वास येणं ही आनंदाची गोष्ट आहे की काळजीची, ते मला कळेना. काका ती काडी उलटसुलट करून पाहत होते.

"खोटं बोलाचं असतं तं चांगलं नाव घेतलं असतं ना, मॅडम. घासलेट कोन म्हनन? वास आला तिले. वाकडा आला. पन आला."

आणि काका आमच्या पायरीवर बसले. मी पाणी आणलं, त्यांनी ते हातात धरून ठेवलं. मला गाडी होती, पण मी पर्स खाली ठेवली. त्या दिवशी काकांनी टोमणाही मारला नाही. त्यांना सुचला नसावा.

डॉक्टर म्हणाले, असं होतं, वाट चुकत चुकत वास घरी येतो. कांदा काकूंना जळक्या रबरासारखा वाटायचा. कापूर-तुळस ओल्या कुत्र्यासारखी. काका दारावर आलेल्या माणसांना सांगत, "आमच्या इथं सद्या कोनी येऊ नोका. तुमच्या अत्तराले काय म्हनन, सांगता येत नाई." मग गवती चहा सुधारला, मग ओवा. सांबार सगळ्यात उशिरा आला. ज्या दिवशी आला, त्या दिवशी काकूंनी खानावळीच्या माणसाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं आणि स्वतःच्या वाफ्यातला सांबार कापला. वडीच्या पहिल्या घाण्यात मीठ जास्त झालं होतं. काका खात होते. मी विचारलं, कशी झाली?

"मीठ कमी नाई," काका म्हणाले आणि आणखी एक घेतली. पुदिना मात्र शेवटपर्यंत घासलेटच राहिला, आणि काकांनी तो शेवटपर्यंत सगळ्यात चांगल्या जागी ठेवला.

इथे ही गोष्ट संपली असती तर मीही ती लेआउटच्या ग्रुपवर टाकली असती, हात जोडल्याच्या चित्रांसकट.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांची बशी परत करायला गेले होते. काकू मागच्या दारात सांबार खुडत होत्या. आम्ही दोघी बोलत बोलत स्वयंपाकघरात शिरलो आणि काकू उंबऱ्यावर थबकल्या.

"गॅस."

मलाही तेव्हाच आला. चांगला दाट वास. काकूंनी झटकन पदर नाकाला लावला, सिलिंडरचं बटण फिरवलं, दोन्ही खिडक्या उघडल्या. नळीला चीर गेली होती. आणि सिलिंडरपासून हातभर अंतरावर, थंड लागतं म्हणून, काका स्टूल टाकून निवांत पेपर वाचत बसले होते.

"अवो, तुमाले वास नाई आला?"

"आला ना. तुह्या नाकाची परीक्षा घेऊन राह्यलो होतो."

काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. बाहेर गेल्या, काहीतरी खुडलं, मूठ झाकून परत आल्या आणि ती काकांच्या नाकाखाली धरली. "डोये मिटा."

काकांनी डोळे मिटले. मी दाराजवळ उभी होते, तिथपर्यंत गवती चहाचा वास येत होता. काकांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. कपाळाला आठी घातली, गाडीत एखाद्याचा जुना पास वाचताना घालत तशी.

"पुदिना," ते म्हणाले.

काकूंनी मूठ उघडली नाही. तशीच खाली घेतली. "कवापासून?"

"तुह्यासंगंच."

"सांगतलं काहून नाई?"

काकांनी पेपरची घडी घातली, ती मोडली, परत घातली. "दोघाइचंही गेलं म्हनलं असतं, तं कोनं कोनाले हुंगाले देल्लं असतं?"

मी बशी ओट्यावर ठेवून निघून आले. तिथे तिसऱ्या माणसाचं काम नव्हतं. घरी येऊन मला त्या गाजरगवताची आठवण झाली, आणि त्या "नक्की ना?"ची. हा माणूस आमची परीक्षा घेत नव्हता. आपण लावलेल्या पानाला वास आहे की नाही, ते आम्हाला विचारून घेत होता. बायकोच्या नाकाशी रिकामं पान जाऊ नये म्हणून. आम्ही मात्र मोबाइल कानाला लावून पळत होतो.

मग काकूंनी त्यांना खुर्चीत बसवलं. डॉक्टरांकडे नेलं, सकाळ-संध्याकाळ पानं हुंगवली. पण काकांना खोटं बोलायचीही हौस नव्हती. "माहं नाक रिटायर झालं," ते म्हणायचे. "आन् त्याले पेन्शन नाई." महिने गेले, काही आलं नाही. शेवटी काकूंनी पानं धरायचं सोडलं आणि बोलायला सुरुवात केली.

इतकी वर्षं कमी बोलणारी ती बाई दिवसभर नवऱ्याला वास सांगू लागली. काका ओसरीवर बसायचे, त्या शेजारी. "दूध आलं वर." "कोनी तरी ओव्याच्या पानाचे भजे काढून राह्यलं." "माती ओली झाली, नय आला वाटते." "अध्यक्ष येऊन राह्यले, अत्तर लावून." काका विचारायचे, "कोनतं?" काकू सांगायच्या, "मोगरा." काका म्हणायचे, "मोगऱ्यानं काय पाप केलं?" वडी केली की आधी त्या हुंगायच्या, खसखस कशी उतरली, खोबरं कुठवर भाजलं ते सांगायच्या. काका नीट ऐकून घ्यायचे आणि मग घास घ्यायचे. "असं हाये का. मंग चांगली झाली."

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी काका गेले. ओसरीवर ऊन खात बसले होते, काकू आत पाणी आणायला गेल्या, तेवढ्यात. शोकसभेत अध्यक्ष बराच वेळ बोलले. काका हे वनौषधींचे गाढे अभ्यासक होते, म्हणाले. मृदुभाषी होते, असंही म्हणाले. काकूंनी तेव्हा पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि देवाशपथ सांगते, त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

काकूंची अकोल्याला दिलेली लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. घर भाड्याने दिलं. नव्या लोकांची गाडी मोठी आहे. त्यांनी वाफे बुजवून वर फरशी टाकली. पावसाळ्यात फरशीच्या फटीतून पुदिना वर येतो. ते लोक औषध मारतात.

अकोल्याला मी रोज जातेच. परवा कॉलेज सुटल्यावर काकूंकडे गेले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लेक-जावई कामावर. काकूंनी चहा केला. गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. एकीत काकू बसल्या. दुसरीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, म्हणून मी कठड्याला टेकून उभी राहिले. कुंडी एकही दिसली नाही. लेकीची नोकरी, जावयाचा रक्तदाब, अकोल्याचा उन्हाळा, असं आम्ही बोलत होतो.

मधेच काकूंनी मान वळवली.

"खालच्या घरी शेंगदाने भाजून राह्यले," त्या म्हणाल्या. जरा मोठ्याने, पलीकडच्या खुर्चीकडे बघून. काकांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. "आच मोठी हाये. करपतीन."

खाली रस्त्यावरून एक ऑटो गेला. काकू थोडा वेळ त्या ढिगाकडे पाहत राहिल्या. मग उठल्या, कपडे छातीशी धरून आत पलंगावर ठेवून आल्या, तळहाताने खुर्ची पुसली आणि ती ओढून आपल्या खुर्चीजवळ घेतली.

"उभी काहून हायेस पोरी," त्या म्हणाल्या. "इथं बस."

मी बसले.